चार एडिटर, एक रेपॉझिटरी: जळगावमधील एका विकासगटाचे प्रकरण

जळगावमध्ये पाच जणांचा एक गट केळी आणि कापसाच्या व्यापाऱ्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर तयार करतो. रावेर, यावल आणि मुक्ताईनगर तालुक्यांतील केळीचे खरेदीदार आणि काही जिनिंगचालक हे त्यांचे ग्राहक आहेत. काट्यावर गाडी आली की वजन, भाव, कपात आणि शेतकऱ्याला आधी दिलेली उचल यांचा मेळ घालून मराठीत पावती छापून द्यायची, हे या सॉफ्टवेअरचे मुख्य काम. सर्व्हरवर लिनक्स, माहिती मायएसक्यूएलमध्ये, बराचसा कोड पीएचपीत आणि नोंदी भरण्याचे फॉर्म जावास्क्रिप्टमध्ये, अशी त्याची साधी रचना आहे. या गटात कोणी कोणता एडिटर (कोड लिहिण्याचे साधन) वापरावा, त्यात कोणते प्लगइन (एडिटरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) असावेत आणि हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, हे प्रश्न एका पावतीमुळे ऐरणीवर आले. तांत्रिक सल्ल्यासाठी बाहेरून बोलावलेला माणूस म्हणून मी हा निर्णय होताना जवळून पाहिला. लहान गटांमध्ये ही निवड ज्या रीतीने होते ती रीतच बदलायला हवी, असे माझे मत त्यातून पक्के झाले; म्हणून हे प्रकरण सविस्तर मांडत आहे.

कोण काय वापरत होते

गटातील सर्वांत ज्येष्ठ सहकारी, ज्यांना सगळे आप्पा म्हणतात, ते सर्व्हर सांभाळतात आणि विम या टर्मिनलमध्ये (फक्त मजकुराच्या खिडकीत) चालणाऱ्या एडिटरमध्ये काम करतात. त्यामागे निव्वळ सवय नाही. ग्राहकाच्या सर्व्हरवर मंद जोडणीतून शिरून एखादी ओळ दुरुस्त करायची असते तेव्हा विम किंवा त्याचा पूर्वज व्हीआय जवळपास प्रत्येक लिनक्स यंत्रावर आधीपासून असतो. मायक्रोसॉफ्टच्या व्हीएस कोड या एडिटरची दूरस्थ जोडणी वापरायची तर तिचा स्वतःचा सर्व्हर-भाग त्या यंत्रावर उतरवावा लागतो आणि तो मेमरीही घेतो. हिशेबाचा गाभा लिहिणाऱ्या ताई पीएचपीस्टॉर्म वापरतात. एखाद्या फंक्शनचे नाव बदलले तर ते कुठे कुठे वापरले आहे हे प्रकल्पभर शोधून बदलण्याचे त्यातील काम त्यांना भरवशाचे वाटते आणि त्याचा परवाना गटाने विकत घेतलेला आहे. अभियांत्रिकी महाविद्यालयातून नुकतेच आलेले दोघे तरुण व्हीएस कोड वापरतात, कारण शिकताना तेच हाती आले. पावत्यांचे साचे करणारा पाचवा सहकारी विंडोजच्या जुन्या, चार जीबी मेमरीच्या संगणकावर नोटपॅड++ वापरतो. व्हीएस कोड इलेक्ट्रॉनवर बांधलेला आहे, म्हणजे त्याच्यासोबत क्रोमियम ब्राउझरचा गाभाही चालतो. त्या संगणकावर तो उघडला की साचा आणि छपाईचे पूर्वदर्शन एकत्र चालवणे अवघड होत असे.

यातली प्रत्येक निवड त्या त्या माणसाच्या कामाला साजेशी होती. पुढे जे घडले त्याचे खापर एखाद्या एडिटरवर फोडण्याचा मोह गटाला झाला, म्हणून हे आधीच नोंदवून ठेवतो.

पावती

ऐन हंगामात मुक्ताईनगर तालुक्यातील एका खरेदीदाराच्या मुनीमजींचा फोन आला: “भाऊ, कुऱ्ह्याचं नाव पावतीवर भलतंच छापून येतंय, अन् शेतकऱ्याची उचलबी दिसत नाही.” भाऊ म्हणजे गटाचे मालक. पावतीवर ‘कुऱ्हा’ऐवजी ‘कुर्हा’ छापले जात होते. नाव चुकल्याने माणसे नाराज होतीच, पण मोठे नुकसान दुसऱ्या तक्रारीत होते. शेतकऱ्याचे खाते त्याचे नाव आणि गाव यांच्या जोडीवरून शोधले जाई. गावाचे नाव बदलल्याने जुने खाते सापडले नाही, सॉफ्टवेअरने नवे खाते उघडले आणि आधी दिलेली उचल बिलातून वजा झालीच नाही. पाचोरा तालुक्यातील कुऱ्हाड या गावाच्या पावत्यांतही तेच निघाले.

शोध घेताना कळले ते असे. दोघा तरुणांपैकी एकाने गावांच्या यादीत एक नवे गाव घातले. ती यादी जेसन या मजकूर-स्वरूपातल्या फाइलमध्ये होती. त्याच्या व्हीएस कोडमध्ये फाइल जतन करताच दोन प्लगइन आपोआप चालत. एक फॉर्मॅटर, म्हणजे कोडची मांडणी एकसारखी करणारा, होता. त्याने टॅबच्या जागी स्पेस घातल्या आणि विंडोज पद्धतीची ओळ-समाप्ती बदलून लिनक्स पद्धतीची केली. दुसरा प्लगइन फाइलमधील ‘अदृश्य’ वर्ण काढून टाकणारा होता. फॉर्मॅटरमुळे फाइलची प्रत्येक ओळ बदललेली दिसू लागली, आणि कमिट, म्हणजे गिट या कोडमधील बदल नोंदवणाऱ्या साधनातली बदलांची नोंद, तपासणाऱ्या आप्पांसमोर टर्मिनलवर सगळी फाइल लाल-हिरवी झाली (काढलेल्या ओळी लाल, नव्या हिरव्या). एक गाव वाढवल्याची नोंद होती, गाव वाढलेले दिसत होते, म्हणून कमिट पुढे गेला. एवढ्या गर्दीत दोन गावांच्या नावांतून एकेक वर्ण गळाल्याचे कोणाच्याही लक्षात आले नसते.

गळालेला वर्ण होता झिरो-विड्थ जॉइनर, म्हणजे स्वतः न दिसता शेजारच्या अक्षरांची जोडणी ठरवणारा वर्ण. ‘कुऱ्हा’मधला आडवा रफार युनिकोडमध्ये (सर्व लिप्यांच्या वर्णांना क्रमांक देणाऱ्या प्रमाणात) दोन रीतींनी लिहिता येतो. पहिल्या रीतीत ऱ, हलन्त आणि ह असे वर्ण येतात. इन्स्क्रिप्ट कळफलकावर हा ऱ शिफ्टसह जे या कळीवर आहे. दुसऱ्या, जुन्या रीतीत साधा र, हलन्त, मग झिरो-विड्थ जॉइनर आणि ह येतो. कागदावर दोन्ही सारखेच उमटतात. गावांची यादी काही वर्षांपूर्वी उच्चारावरून टंकलेखन करणाऱ्या साधनाने भरलेली होती आणि तिच्यात दुसरी रीत आली होती. त्यातला जॉइनर काढला की उरतो र, हलन्त, ह, आणि त्याचा रफार सरळ ‘ह’च्या डोक्यावर जातो. माहिती-तक्त्यात त्या स्तंभासाठी बायनरी कोलेशन असल्याने, म्हणजे बाइट जुळले तरच नावे एक मानली जात असल्याने, जुने आणि नवे नाव सॉफ्टवेअरच्या लेखी दोन वेगळी गावे ठरली.

हे उघड झाले ते गिटमुळेच. आप्पांनी जुना आणि नवा कमिट मोकळ्या जागांतील फरक वगळून ताडून पाहिले, तेव्हा इंडेंटेशनचा, म्हणजे ओळीच्या सुरुवातीच्या मोकळ्या जागेचा, सगळा गोंगाट नाहीसा झाला आणि मोजक्या ओळी उरल्या: नवे गाव आणि ती दोन जुनी गावे. झिरो-विड्थ जॉइनर गिटच्या दृष्टीने मोकळी जागा नाही, म्हणून त्या ओळी गाळल्या गेल्या नाहीत. बाइट पाहिल्यावर जुन्या ओळीत ई२ ८० ८डी हे तीन बाइट होते आणि नव्या ओळीत ते नव्हते.

त्या प्लगइनची बाजूही समजून घेतली पाहिजे. २०२१ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी ‘ट्रोजन सोर्स’ या नावाने दाखवून दिले की युनिकोडमधील दिशा बदलणारे नियंत्रक वर्ण वापरून माणसाला दिसणारा कोड आणि कंपायलरने (कोड यंत्राच्या भाषेत आणणाऱ्या प्रोग्रॅमने) वाचलेला कोड वेगवेगळा ठेवता येतो. त्यानंतर व्हीएस कोडसह अनेक साधनांनी संशयास्पद आणि अदृश्य वर्ण ठळक करून दाखवण्याची सोय केली. दाखवणे आणि विचारणे ठीक आहे. न विचारता काढून टाकणे हे केवळ इंग्रजी अक्षरे असलेल्या कोडसाठी कदाचित चालून जाईल. मराठीत मात्र अदृश्य वर्ण शुद्धलेखनाचा भाग असतो. ज्या प्रकल्पात शेतकऱ्यांची आणि गावांची नावे आहेत, तिथे असा प्लगइन डोळे मिटून बसवणे धोक्याचेच.

भाऊंची सूचना आणि तिच्यावरचा वाद

दुरुस्ती झाल्यावर भाऊंनी बैठक बोलावली आणि सरळ सांगितले: “उद्यापासून सगळ्यांनी एकच एडिटर वापरायचा. कोणता ते तुम्ही ठरवा.” त्यांची भूमिका समजण्यासारखी होती. एकच साधन असले की नवा माणूस लवकर रुळतो, अडचण आली की शेजाऱ्याला विचारता येते आणि सेटिंग एकदाच करावी लागते.

ताईंचा विरोध स्पष्ट होता. “भाऊ, गडबड झाली ती व्हीएस कोडमध्ये, आणि बहुमताने निवडला जाईल तोही व्हीएस कोडच. मग बदललं काय?” त्यांचा मुद्दा बिनतोड होता. जो प्लगइन एका संगणकावर होता तो एकच एडिटर ठरवल्याने पाचही संगणकांवर गेला असता, किंवा निदान जाण्याची वाट मोकळी झाली असती. तरुणांचा मुद्दा वेगळा होता. परवाने विकत घेऊन सगळ्यांना पीएचपीस्टॉर्म द्यावा, असे त्यांनी सुचवले. त्यावर खर्चाचा आणि जुन्या संगणकाच्या मेमरीचा प्रश्न आडवा आला, आणि आप्पांचे सर्व्हरवरचे काम त्याने सुटणारे नव्हतेच.

माझ्याकडे मत मागितले गेले तेव्हा मी दोन गोष्टी मांडल्या. पहिली अशी की एडिटरच्या निवडीला पूर्वी जे वजन होते ते आता उरलेले नाही. २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने रेड हॅट आणि कोडेन्व्ही या कंपन्यांसह लँग्वेज सर्व्हर प्रोटोकॉल जाहीर केला. तोपर्यंत एखाद्या भाषेतील चुका दाखवणे, व्याख्येकडे नेणे, नावे सुचवणे हे सगळे प्रत्येक एडिटरसाठी वेगळे लिहावे लागे. आता भाषेची जाण स्वतंत्र सर्व्हरमध्ये असते आणि तोच सर्व्हर व्हीएस कोड, निओव्हिम (विममधून निघालेला एडिटर), ईमॅक्स अशा कोणत्याही एडिटरला उत्तरे देऊ शकतो. पीएचपीसाठी तरुण जो सर्व्हर व्हीएस कोडमधून वापरत होते, तोच आप्पांना विममध्ये जोडून घेता येत होता.

दुसरी गोष्ट टिकाऊपणाची. ॲटम हा गिटहब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीचा एडिटर होता, त्याच्यामागे मोठे पाठबळ होते आणि इलेक्ट्रॉन मुळात त्याच्यासाठीच तयार झाले. तरीही १५ डिसेंबर २०२२ रोजी तो प्रकल्प बंद करण्यात आला. उलट विम १९९१ पासून चालत आला आहे आणि त्याचे कर्ते ब्रॅम मूलेनार यांचे २०२३ मध्ये निधन झाल्यावरही इतरांनी तो पुढे चालू ठेवला. गटाने आपली शिस्त एखाद्या एडिटरच्या सेटिंगमध्ये बांधली तर तो एडिटर गेला, किंवा तो वापरणारा माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला, की शिस्तही जाते. खानदेशातल्या गटांसाठी ही दुसरी शक्यता रोजची आहे. शिकलेली मुले दोन-तीन वर्षे काम करतात आणि मोठ्या शहरात जातात. जाताना त्यांच्या संगणकावर घडवलेले सगळे सेटिंग पुसले जाते आणि पुढचा माणूस पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतो.

म्हणून माझी सूचना अशी होती की एडिटर ज्याचा त्याने ठेवावा, पण कोड कसा दिसावा, काय तपासले जावे आणि कोणत्या फाइलला कोणी हात लावू नये हे सगळे रेपॉझिटरीत, म्हणजे गटाच्या सामाईक कोड-संग्रहात, लिहिलेले असावे. भाऊंनी बराच वेळ ऐकून घेतले आणि शेवटी विचारले, “म्हणजे नियम मशीनवर नाही, कामावर बसवायचा?” त्यांनी ते नेमके पकडले होते.

काय ठरले आणि कसे बसवले

सर्वांत आधी एडिटरकॉन्फिग फाइल आली. वर्णसंच यूटीएफ-८, ओळ-समाप्ती लिनक्स पद्धतीची, इंडेंटेशन किती आणि कशाचे, एवढेच तिच्यात आहे. ही फाइल पीएचपीस्टॉर्म स्वतःहून वाचतो, निओव्हिममध्येही ०.९ आवृत्तीपासून ही सोय अंगभूत आहे. व्हीएस कोड आणि नोटपॅड++ यांना त्यासाठी छोटा प्लगइन लागतो. तिच्या जोडीला गिटॲट्रिब्यूट्स फाइल ठेवली, जेणेकरून एखाद्याचा एडिटर चुकला तरी गिट ओळ-समाप्ती एकसारखी ठेवील.

फॉर्मॅटरचे काम एडिटरच्या प्लगइनकडून काढून घेतले. पीएचपीचा फॉर्मॅटर आणि चुका शोधणारा पीएचपीस्टॅन हे दोन्ही कंपोझरमध्ये (पीएचपीची पॅकेजे आणणाऱ्या साधनात) विकासासाठीच्या अवलंबनांत नोंदवले. कंपोझरच्या लॉक फाइलमुळे सगळ्यांकडे नेमकी तीच आवृत्ती येते. ज्याला हवे त्याने आपल्या एडिटरमधून ते चालवावेत, पण चालतो तो प्रकल्पातलाच फॉर्मॅटर. जावास्क्रिप्टसाठी प्रेटियर हा फॉर्मॅटर आणि चुका शोधणारा ईएसलिंट त्याच रीतीने. नंतर ठरवून एका वेगळ्या कमिटमध्ये सगळा कोड एकदाच फॉर्मॅट केला आणि त्या कमिटचा क्रमांक गिट ब्लेमने दुर्लक्षित करायच्या यादीत टाकला, म्हणजे एखादी ओळ कोणी आणि का लिहिली हे शोधताना तो कमिट आड येत नाही. ही सोय गिटमध्ये २०१९ च्या २.२३ आवृत्तीपासून आहे आणि जुना कोड हाताळणाऱ्या प्रत्येक गटाने ती वापरावी असे मला वाटते. त्यापुढे एक कडक नियम केला: फॉर्मॅट बदलणारा कमिट आणि अर्थ बदलणारा कमिट कधीही एक नसावा. आप्पांसमोर पुन्हा तशी लाल-हिरवी भिंत उभी राहू नये यासाठी मला हा नियम सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो.

मराठी मजकूर कोडमधून बाजूला काढून स्वतंत्र फोल्डरमध्ये ठेवला आणि ते फोल्डर प्रत्येक फॉर्मॅटरच्या वगळण्याच्या यादीत घातले. नोंद घेताना र, हलन्त आणि जॉइनर असा क्रम आला तर त्याचे ऱ आणि हलन्त असे रूप करणारे एक छोटे फंक्शन ताईंनी लिहिले. युनिकोडच्या ठरावीक नॉर्मलायझेशनने (समतुल्य वर्णक्रम एकाच रूपात आणण्याच्या पद्धतीने) हे होत नाही, कारण त्या दोन रीती प्रमाणानुसार समतुल्य मानलेल्या नाहीत. ते वेगळे लिहावेच लागते. जुन्या नोंदीही त्याच फंक्शनमधून फिरवल्या. आणि खाते गावाच्या नावावरून शोधण्याची मूळ उणीव दूर करण्यासाठी पंचायती राज मंत्रालयाच्या स्थानिक शासन निर्देशिकेतील गावाचा सांकेतिक क्रमांक किल्ली म्हणून घेतला; नाव आता फक्त छापण्यापुरते आहे.

तपासणी कुठे व्हावी यावर मतभेद झाले. ताईंना कमिट करण्याआधीच ती सक्तीची हवी होती. पण गिटचे हुक (कमिट करताना आपोआप चालणारे छोटे प्रोग्रॅम) रेपॉझिटरीची प्रत घेताना आपोआप येत नाहीत, ते प्रत्येकाने चालू करावे लागतात, आणि कोणी ते वगळूही शकतो. शेवटी हुक ऐच्छिक ठेवले आणि खरी अडवणूक सर्व्हरवर ठेवली: तपासणी उत्तीर्ण झाल्याशिवाय मुख्य शाखेत काहीही मिसळत नाही. उन्हाळ्यात वीज गेली किंवा जोडणी तुटली तरी प्रत्येकाच्या यंत्रावर कमिट होत राहतात, कारण गिटला त्यासाठी सर्व्हर लागत नाही. तपासणी जोडणी आल्यावर होते. ताईंना हे पूर्ण पटलेले नाही. त्यांचे म्हणणे, चूक जितकी उशिरा दिसेल तितकी दुरुस्ती महाग. ते खरे आहे, पण पाच जणांच्या गटात सक्तीच्या हुकपेक्षा सर्व्हरवरची एकच तपासणी सांभाळणे सोपे जाईल असे माझे मत कायम आहे.

प्लगइनची पारख

यावर मी थोडा अधिक वेळ देण्याचा आग्रह धरला, कारण बहुतेक गट इथेच ढिलाई करतात. व्हीएस कोडचा प्लगइन बंदिस्त कप्प्यात चालत नाही. तो बसवणाऱ्या माणसाला जे अधिकार आहेत ते सगळे त्यालाही मिळतात: फाइल वाचणे, लिहिणे, बाहेर जोडणी करणे. शिवाय नवी आवृत्ती आली की तो सहसा आपोआप बदलतो. ज्या व्यापाऱ्यांसाठी हे सॉफ्टवेअर चालते ते गोदामाची किल्ली कोणाच्या हाती द्यायची हे माणूस पारखून ठरवतात; प्लगइनला दिलेली मुभा त्याहून लहान नाही. २०१८ मध्ये एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या संग्रहावरील इव्हेंट-स्ट्रीम या पॅकेजची देखभाल मूळ लेखकाने एका अनोळखी माणसाकडे सोपवली आणि त्याच्यामार्फत बिटकॉइन चोरण्यासाठीचा कोड अनेक प्रकल्पांत पोचला. एडिटरचे प्लगइनही याच वाटेने हात बदलू शकतात.

म्हणून गटाने एक छोटी यादी केली. व्हीएस कोडमध्ये प्रकल्पासोबत शिफारशींची फाइल ठेवता येते. कोणते प्लगइन घ्यावेत आणि कोणते टाळावेत हे दोन्ही तिच्यात लिहिता येते. नवा प्लगइन सुचवायचा असेल तर सुचवणाऱ्याने लेखी सांगावे की तो फाइल जतन करताना काही बदलतो का, इंटरनेटवर काही पाठवतो का, त्याचा स्रोत उघडा आहे का आणि शेवटचे काम केव्हा झाले. जतन करताना फाइल बदलणारा प्लगइन या प्रकल्पात बसत नाही, एवढे एक कलम वादाशिवाय मंजूर झाले. स्वयं-अद्ययावत बंद केले असून नव्या आवृत्त्या हंगाम ओसरल्यावर एकत्र घेतल्या जातात. कोड सुचवणाऱ्या एआय साधनांबाबत भाऊ उत्सुक होते, परंतु ती सहसा उघड्या फाइलमधील मजकूर बाहेरच्या सर्व्हरवर पाठवतात आणि गटाच्या फोल्डरांत ग्राहकांच्या माहितीच्या प्रती पडलेल्या असत. आधी त्या प्रती काढून कृत्रिम नोंदी वापराव्यात, मग तो विषय घ्यावा, असे ठरले.

मायक्रोसॉफ्टच्या मार्केटप्लेसचे (प्लगइनच्या ऑनलाइन संग्रहाचे) प्लगइन त्याच्या अटींनुसार मायक्रोसॉफ्टच्या उत्पादनांपुरतेच वापरता येतात. एका तरुणाने व्हीएसकोडियम, म्हणजे व्हीएस कोडच्या उघड्या स्रोतातून इतरांनी बांधलेला एडिटर, घ्यायचे ठरवले तेव्हा त्याला इक्लिप्स फाउंडेशनच्या ओपन व्हीएसएक्स संग्रहाकडे वळावे लागले, आणि यादीतील प्रत्येक प्लगइन तिथे आहे का हे पाहूनच त्याला परवानगी मिळाली.

सध्याची स्थिती

पावतीतील नावांबाबत त्यानंतर तक्रार आलेली नाही. कमिट तपासायला आप्पांना आता कमी वेळ लागतो, कारण त्यांच्यासमोर बदललेल्या ओळीच येतात. टर्मिनलमध्ये देवनागरी जोडाक्षरे नीट जुळून दिसत नाहीत ही त्यांची अडचण मात्र सुटलेली नाही. मराठी मजकुराच्या फाइल ते विममध्ये उघडत नाहीत, त्या ताई किंवा साचेवाला सहकारी पाहतो. ईमॅक्सच्या नव्या आवृत्त्या हार्फबझ या अक्षरजुळणी करणाऱ्या लायब्ररीच्या मदतीने अक्षरे बरोबर जुळवतात हे मी त्यांना दाखवले, पण इतक्या वर्षांच्या सवयी बदलण्याइतके ते कारण त्यांना वाटले नाही, आणि कामाची वाटणी झाल्याने त्याची गरजही उरली नाही. साचेवाल्या सहकाऱ्याच्या संगणकात मेमरी वाढवण्याचे भाऊंनी मान्य केले आहे. त्यानंतर नोटपॅड++ सोडायचा की ठेवायचा हे त्याच्यावर सोपवले असून त्याचे कमिट सर्व्हरवरच्या तपासणीत अडत नाहीत.